बत्तीस हरकती

आमच्या कॉलनीत कुणाला कसलाही अर्ज करायचा असला की पावलं माझ्या घराकडे वळतात. पाण्याचं बिल अवाच्या सवा आलं, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलं, पेन्शन अडकली, नातीचा जातीचा दाखला हवाय, सगळ्यांना मीच आठवतो. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज वाचण्यात घालवली, त्यामुळे कोणत्या वाक्यावर साहेब थबकतो आणि कोणत्या वाक्याला जांभई देतो हे मला नेमकं ठाऊक. आणि खोटं कशाला बोलू, या गोष्टीचा मला माज होता. आमची ही म्हणायची, "तुमचं जरा कौतुक केलं ना, तर तुम्ही स्वतःच्या विरुद्धसुद्धा अर्ज लिहून द्याल." मी हसायचो आणि चहा मागायचो.

कॉलनी म्हणजे तरी काय, पळस्प्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला एकाला एक चिकटलेली बत्तीस घरं. प्रत्येकापुढे गाडी लावण्यापुरती जागा, दोन कुंड्या, एक तुळस. आम्ही राहायला आलो तेव्हा मागच्या फाटकाबाहेर नुसतं माळरान होतं. डाव्या हाताला वळलं की जुनं गाव, आणि समोर सरकारची मोकळी जमीन, तिच्यात गुडघाभर गवत. पलीकडे नाला. त्या मोकळ्या जमिनीकडे आम्ही इतकी वर्षं बघत आलो की ती आमचीच आहे असं आम्हाला वाटायला लागलं होतं. संध्याकाळी तिथे फिरायचं, दिवाळीत फटाके तिथेच उडवायचे, आणि पाहुण्यांना गच्चीवर नेऊन वारा कसा सुटतो ते दाखवायचं.

त्या डावीकडच्या गावात, आमच्या मागच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई राहायच्या. मूळच्या आपट्याकडच्या. स्वतःची वीतभर जमीन नाही, आईबापांचा जन्म दुसऱ्यांच्या शेतात आणि वीटभट्टीवर गेला. नवरा जासईच्या बाजूला कंटेनरच्या गोदामात हमाली करायचा, पहाटे सहाच्या गाडीने गेला की रात्री आठलाच घरी. मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात उरली बाईंची आई. तिचं उजवं अंग लुळं पडलं होतं, अंथरुणातून उठवत नव्हतं, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की हिला दर दोन तासांनी कूस बदलून द्या, नाहीतर पाठीला जखमा होतील आणि त्या भरणार नाहीत.

बाईंनी आपला सगळा दिवस त्या दोन तासांवर बेतला होता. आठ ते दहा दोन घरं, मग धावत घरी, आईला कुशीवर वळवायचं, ओलं असेल तर बदलायचं, चार घोट चहा पाजायचा आणि सव्वादहाला आमच्या दारात. पुन्हा बाराला घरी. कॉलनीतल्या बायकांना घड्याळ बघायची गरज नव्हती, बाई फाटकातून बाहेर पडल्या की दहा वाजले. कुणी म्हणालं, "आज जरा थांबा, पाहुणे आहेत," तर त्या हात पुसत म्हणायच्या, "थांबते ना काकू, पन आईला वळवून येते." आणि खरंच पंधरा मिनिटांत परत यायच्या.

एक दिवस त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. खोलीच्या मालकाने चाळ पाडून तिथे चार मजली इमारत उठवायचं ठरवलं होतं. गावात तेव्हा सगळ्यांनी तोच धडाका लावला होता, ज्याच्याकडे अंगण आहे तो अंगणात पिलर उभे करत होता. बाईंना खोली सोडावी लागणार होती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सरकारी घरांची सोडत निघाली आहे, कमी पगारवाल्यांना घरं मिळणार. त्यांनी ब्लाउजमधून घडी घातलेलं जाहिरातीचं कात्रण काढलं आणि म्हणाल्या, "काका, आमाला यातलं काय कळत नाय. तुमी बोलाल तिथं भरू."

मी लॅपटॉप उघडला. एका माणसाला एकच जागा निवडता येत होती. पाच-सहा ठिकाणच्या योजना होत्या, कुठे स्टेशनजवळ, कुठे पार तळोज्याकडे. यादी खाली सरकवता सरकवता माझी नजर थांबली. आमच्या मागची जमीन. तीच गुडघाभर गवताची. आराखड्यात तिथे पाच टॉवर दाखवले होते आणि आमच्या मागच्या फाटकाला लागून एक जोडरस्ता. मी म्हटलं, "बाई, हे बघा, हे तर आपल्या मागेच होतंय. इथे घर लागलं तर फाटकातून तीन मिनिटांत आईजवळ." त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. "मंग हाच भरा," त्या म्हणाल्या.

मी भरला. उत्पन्नाचा दाखला स्कॅन केला, त्यांचा फोटो तीनदा काढला कारण पदर सारखा कपाळावर यायचा, नवऱ्याच्या फोनवर ओटीपी गेला म्हणून जासईला फोन लावला. तासभर गेला. त्या निघताना माझ्या पाया पडायला वाकल्या तर मीच मागे सरलो. हे सगळं मला अजून स्वच्छ आठवतं, आणि न आठवतं तर बरं झालं असतं.

कारण त्याच्या आधीच्या रविवारी कॉलनीची मीटिंग झाली होती. पेपरात सूचना आली होती की मागच्या जमिनीवर घरं होणार, त्यासाठी जोडरस्ता आखलाय, कुणाच्या हरकती-सूचना असतील तर अमुक दिवसांत द्या. एका घराच्या पोर्चमध्ये आम्ही सगळे जमलो. बटाटेवडे मागवले होते. एकेकाचं तोंड सुटलं. आता पाण्याचा दाब गेला म्हणून समजा. आपल्या दारात रिक्षा उभ्या राहणार. आपल्या घरांना गिऱ्हाईक कुठून मिळणार. आणि मग आवाज खाली आणून, कसली कसली माणसं येतील, काय सांगता येतं. आता मी असं लिहिलं की हे सगळं इतर बोलत होते आणि मी गप्प होतो, तर ती शुद्ध थाप होईल. मीही बोललो. मी म्हणालो की आयुष्यभराची पुंजी या घरात घातली ती शांततेसाठी घातली. माना हलल्या.

पण मी नुसतं बोलून थांबणारा नव्हे ना. मी त्यांना सांगितलं, "गरिबांच्या घरांना विरोध करू नका. असा अर्ज साहेब वाचतसुद्धा नाही. घरांना आपला पाठिंबाच आहे असं पहिल्या ओळीत लिहायचं आणि रस्त्यावर बोट ठेवायचं." मग मी बोटावर मोजत मुद्दे काढले. वळणाला उतार आहे, अपघाताचा धोका. फाटकाशी ज्येष्ठ नागरिक बसतात. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं. नाल्याच्या बाजूने रस्ता नेला तर थेट हायवेला मिळतो, तो जास्त सोयीचा. सगळे आ वासून ऐकत होते. कुणी म्हणालं, एकच अर्ज करू, खाली बत्तीस सह्या. मी हसलो. बत्तीस सह्यांचा अर्ज म्हणजे कचेरीत एकच अर्ज. एकाच प्रिंटरमधून बत्तीस पत्रं निघाली तर साहेब ती एका टाचणीत लावतो आणि एकच समजतो. मी म्हणालो, प्रत्येकाने हाताने लिहायचं, वेगळ्या कागदावर, वेगळ्या शब्दांत, आणि वेगवेगळ्या दिवशी नेऊन पोच घ्यायची. शब्द मी देतो.

आणि दिले. बाईंचा फॉर्म दुपारी भरला आणि त्याच संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर बत्तीस मसुदे लिहायला बसलो. एकात नातवंडांची सायकल घातली, एकात दम्याची पेशंट, एकात नुसता तांत्रिक मुद्दा. कुणाचं मराठी कसं आहे ते बघून वाक्यं बेतली. दोघांचे तर मुद्दाम थोडे अशुद्ध ठेवले, खरे वाटावेत म्हणून. लोक हसत हसत आपापला कागद घेऊन गेले. सुनावणीला कॉलनीच्या वतीने मीच उभा राहिलो आणि समोरचे साहेब शेवटी म्हणाले की इतक्या अभ्यासपूर्ण हरकती फार क्वचित येतात. मी तो आठवडाभर त्या वाक्यावरच तरंगत होतो.

मला आता लोक विचारत नाहीत, पण मीच मला विचारतो की तुला बाई आठवल्या नाहीत का रे? आठवल्या होत्या. पण सोडतीत हजारोंनी अर्ज येतात, त्यात आपल्या माणसाचं नाव लागत नसतं, असं मी धरून चाललो होतो. आणि रस्ता म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर ट्रक, रिक्षा, हॉर्न. माणूस पायी जातो हे डोक्यातच आलं नाही. खाली एक ओळ टाकली असती, की पादचाऱ्यांसाठी फाटक ठेवावे, तर तेही मान्य झालं असतं. माझंच सगळं मान्य होत होतं. त्या एका ओळीवाचून माझा अर्ज अडला नाही, म्हणून मी ती लिहिली नाही.

रस्ता रद्द झाला आणि आराखड्यात त्या जागी सलग भिंत आली. काही महिन्यांनी सोडत निघाली आणि बाईंना घर लागलं.

त्या पेढे घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "तुमच्या हाताला यश हाय काका." आमच्या हिने माझ्याकडे पाहिलं. मी पेढा तोंडात टाकला आणि त्यांचं अभिनंदन केलं. तेव्हाच बोलायचं होतं. तेव्हा भिंत कागदावर होती. धावपळ केली असती तर निदान एक दार निघालं असतं. पण मी स्वतःला सांगितलं की अजून इमारत कुठे उभी आहे, बघू पुढे, काहीतरी मार्ग निघेल. चौतीस वर्षं हेच वाक्य मी टेबलासमोरच्या माणसांना ऐकवत आलो होतो.

टॉवर उभे राहिले. आमच्या बाजूने आठ फुटांची भिंत आली आणि ती तशीच गावाच्या अंगानेही पुढे गेली. बाईंनी मधली वर्षं गावातच कुणाच्या तरी मागच्या खोलीत काढली आणि ताबा मिळाल्यावर आईला उचलून नव्या घरात नेलं. त्यांचा टॉवर भिंतीला सगळ्यात जवळचा, घर चौथ्या मजल्यावर, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट आमच्या गच्चीवर. पहिल्याच आठवड्यात त्या हिला म्हणाल्या, "काकू, तुमची निळी चादर उडून टाकीमागं पडलीय. मी वरनं बगितली." आम्ही गच्चीवर गेलो तर खरंच चादर तिथे पडली होती.

इतक्या जवळ. आणि चालत यायला पस्तीस मिनिटं. त्यांच्या मोठ्या गेटातून बाहेर, नाल्याच्या पुलावरून हायवेला, हायवेच्या कडेने ट्रकचा धुरळा खात, मग आमच्या रस्त्याला वळून पुढच्या फाटकातून आत. हा मार्ग मीच सुचवला होता, थेट हायवेला मिळतो म्हणून.

दहाची फेरी बंद पडली. बाराचीही. सुरुवातीला बाई मधल्या वेळात एकदाच जायच्या, तेही पळत, आणि परत आल्या की कणकेच्या परातीसमोर पाच मिनिटं नुसत्या बसून राहायच्या. मग शेजारणीला सांगून बघितलं. शेजारीण भली होती, पण तिचीही दोन लहानगी होती, आणि दुसऱ्याच्या आईचं ओलं अंथरूण रोज कोण बदलतं? कामं सोडावीत तर घराचे हप्ते होते. सहा-सात महिन्यांत म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या. बाईंनी एकदा हिला फोनवर फोटो दाखवला. मी बघितला नाही, उठून बाहेर गेलो. माझी हिंमतच झाली नाही.

त्याच सुमारास त्या एकदा पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "काकू, तिकडं रस्ता व्हनार व्हता म्हनं. या बाजूच्या कुनीतरी हरकत घेतली." ही गप्प राहिली ते माझ्यासाठी, हे मला कळलं, आणि तिने बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर समोर धरला होता.

आता त्या टॉवरांनी आमचं काय बिघडवलं तेही सांगतो, कारण त्याच्याच भीतीने हे सगळं झालं. काही नाही. पाण्याचा दाब होता तेवढाच राहिला. कुणाचं घर फुटलं नाही. शेवटच्या घराचे म्हातारा-म्हातारी मुलाकडे गेले, त्यांचं घर आम्ही कल्पना केली त्याहून चढ्या भावाने गेलं. उलट झालं असं की जिथे एवढी माणसं राहायला आली तिथे सगळंच आलं. बसचा थांबा आला, ताजी मासळी घेऊन कोळणी बसायला लागल्या, भाजीवाले, पिठाची गिरणी, संध्याकाळी बसणारे एक चांगले डॉक्टर, औषधांचं दुकान. सगळं भिंतीच्या पलीकडे. आमच्याकडे शांतता उरली. आमच्या बायका गच्चीवर उभ्या राहून पलीकडची भाजी बघायच्या आणि मग रिक्षा करून वळसा घालून आणायला जायच्या. गुडघे धरलेल्या, बीपी चढलेल्या बायका.

शेवटी त्यांनीच विषय काढला, की भिंतीत एक छोटं दार पाडून घ्या. मला तर हवंच होतं. भाजीचं निमित्त पुढे करून बाईंची वाट होणार होती आणि मला कुणापुढे तोंड उघडावं लागणार नव्हतं. मी अर्ज लिहिला, झकास लिहिला, आणि स्वतः घेऊन गेलो. टेबलापलीकडे माझ्या मुलीच्या वयाची एक अधिकारी बाई होती. तिने फाइल मागवली आणि माझ्यासमोर उलगडली. बत्तीस कागद, बत्तीस अक्षरं. एकेक चाळत ती म्हणाली, "काका, तुमच्या सगळ्या रहिवाशांनी तर इथून ये-जा होणं धोक्याचं आहे असं लिहून दिलंय. ज्येष्ठांच्या जिवाला धोका आहे म्हणतात. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात यायचं." मग म्हणाली, प्रत्येकाने स्वतः येऊन हरकत मागे घेतली तर बघता येईल. चांगली होती पोरगी. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

मी घरोघर फिरलो. दोन घरांतली माणसं वारली होती, चौघांनी घरं विकली होती. बाकीच्यांपैकी अर्धे हो म्हणाले. उरलेल्यांनी माझीच वाक्यं मला ऐकवली. उतार आहे, वळण आहे, ज्येष्ठ नागरिक बसतात. एका गृहस्थाने तर तेव्हाचा कागदच झेरॉक्स करून जपून ठेवला होता. मी त्यांच्याशी भांडलो, नाही नाही ते बोललो, पुढे वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. पण भांडून काय उपयोग. कागद माझा होता.

त्या दिवशी घरी आलो तर बाई पोळ्या करत होत्या. ही ओट्याशी भाजी चिरत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि मला एकदम वाटलं की आता नाही बोललो तर मी कधीच बोलणार नाही.

"बाई," मी म्हटलं, "तो रस्ता रद्द झाला ना, ती हरकत माझी होती. म्हणजे सगळ्यांच्या मीच लिहून दिल्या. बत्तीसच्या बत्तीस."

त्या लाटत राहिल्या. पोळी तव्यावर टाकली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कदी?"

"ती नोटीस आली होती ना, तेव्हा."

"तसं नाय. माजा फॉरम भरलात त्याच्या अगोदर, का मागनं?"

चौतीस वर्षांत कुणी मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, "त्याच दिवशी. दुपारी तुमचा फॉर्म भरला. संध्याकाळी त्या लिहायला बसलो."

बाईंनी पोळी उलटली, फडक्याने कडा दाबल्या, ती फुगली, ती काढून डब्यात ठेवली. पुढचा गोळा हातात घेतला.

"म्हंजे तुमाला ठाव व्हतं."

"तुम्हाला घर लागेल असं वाटलं नव्हतं हो," मी म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळ काही बोललो असेन, पण हे एक वाक्य मला परत घ्यायचं आहे.

"मला बी नव्हतं वाटलं," त्या म्हणाल्या. "पन मी आशा केलती ना, काका."

त्या रागावल्या असत्या, पोलपाट आपटून निघून गेल्या असत्या, तर मला ते सोसवलं असतं. त्यांनी रोजच्या बारा पोळ्या पुऱ्या केल्या. ओटा पुसला. हात धुतले. हिला म्हणाल्या, "उद्यापासनं नाय येनार काकू. आईजवळ ऱ्हाते." ही रडायला लागली. त्यांनी हिच्या पाठीवर हात ठेवला, माझ्या बाजूने वाट काढली आणि पुढच्या दाराने गेल्या. मी बाजूला व्हायचंही विसरलो होतो.

नंतर कळलं की त्यांनी घरातूनच डबे सुरू केले. टॉवरमधली एकटी राहणारी पोरं, गोदामात जाणारी माणसं, त्यांना पोळी-भाजी. दर दोन तासांनी आईला वळवता येत होतं. पण जखमा खोल गेल्या होत्या आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की त्या भरत नाहीत. आमची ही दोनदा जाऊन आली. मला चल म्हणाली नाही, मीही येतो म्हणालो नाही. गच्चीवर गेलो की त्या खिडकीकडे पाठ करून तुळशीला पाणी घालायचो.

एका सकाळी दहाच्या सुमारास भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं. आवाज वरून येत होता. बाईंचाच होता. आम्ही दोघं गच्चीवर धावलो. खिडकीत बायकांची गर्दी दिसत होती, खाली कुणीतरी बांबू आणत होतं. आमच्यापासून शंभर पावलंही नसतील. ही म्हणाली, "चला," आणि मी या वेळी चपला घातल्या.

पुढच्या फाटकाशी रिक्षा नव्हती. आम्ही चालत निघालो. हिचा गुडघा दुखतो, ती दर थोड्या वेळाने थांबायची. मी पुढे जाऊन परत मागे यायचो. हायवेच्या कडेला चालायला जागा नाही, ट्रक गेला की ही माझा हात घट्ट धरायची. पुलावर ती म्हणाली, "बाई रोज इथूनच पळायच्या." गेटावरच्या वॉचमनने वहीत नाव लिहायला लावलं, कुणाकडे, काय काम. काम या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना, तर त्यानेच लिहिलं. तोवर बाईंच्या टॉवरखाली मडक्यातल्या गोवऱ्यांचा धूर तेवढा उरला होता. लोक पांगत होते. एकजण म्हणाला, आत्ताच नेलं, पाच मिनिटं झाली नसतील.

वर गेलो. घरात बायकाच होत्या. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोरची गादी गुंडाळून ठेवलेली. ही जाऊन त्यांच्याजवळ बसली आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. मी दारातच उभा. माफी मागायचं मी वाटेत शंभरदा घोकलं होतं.

बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे पुसले आणि त्यांची नजर माझ्यावर आली. त्यांनी शेजारणीला हाक मारली. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, मी तो नीट कान देऊन शोधला.

"त्यांना खुर्ची दे गं," त्या म्हणाल्या, "लई लांबनं आलेत."

शेजारणीने खुर्ची आणली. मी बसलो.